चाकावरचा मुक्काम

कापडाच्या घराला मराठीत किती नावे आहेत ती एकदा सावकाश आठवून पाहावीत. तंबू, डेरा, राहुटी, पाल, शामियाना, आणि त्यांच्याभोवती आडोशासाठी उभी करावयाची ती कनात. राहुटीत शिलेदार निजे, डेऱ्यात सरदार उतरे, शामियान्यात दरबार भरे आणि पालाखाली भटक्या जमातीचे कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या संसार करी. दसऱ्याला सीमोल्लंघन करून महिनोन्‌महिने मुलूखगिरीवर राहणारी फौज, थंडीच्या दिवसांत सारे दप्तर बैलगाड्यांवर घालून जमाबंदीसाठी तालुकोतालुकी फिरणारा इंग्रज कलेक्टर, आणि आषाढीच्या वारीला आळंदी-देहूहून निघून ठरल्या तिथीला ठरल्या तळावर उतरणारा वारकऱ्यांचा समुदाय, या तिघांनी मिळून आमच्या भाषेला मुक्कामाचे हे शब्दवैभव दिले आहे. असे असूनही सायकलीवरून लांबच्या मुलुखात निघणाऱ्या मराठी माणसाने यांतले काहीएक बरोबर घेतले नाही; तो कॅरिअरला एक वळकटी बांधून राहुटीवाचून निघाला. याचे कारण शोधता शोधता सायकलीच्या इतिहासाची एक बाजू मला दिसू लागली, जिच्याकडे माझे पूर्वी कधी लक्ष गेले नव्हते. सायकलीने माणसाच्या हाती दिवसभराची वाट दिली. रात्रीचा आसरा मात्र त्याला दुसऱ्याकडे मागावा लागला, आणि तो कोणाला मिळावा व कोणाला मिळू नये याचा निवाडा चाकांकडे कधीच नव्हता.

आज आपण जिला सायकल म्हणतो ती इंग्लंडातील कॉव्हेंट्री शहरी १८८५ साली जॉन केम्प स्टार्ली याने बांधली. त्यापूर्वीची सायकल पुढचे चाक पुरुषभर उंच असलेली, तरण्या आणि धाडसी पुरुषांनीच बसावे अशी होती. स्टार्लीने दोन्ही चाके सारखी केली, मागच्या चाकाला साखळीने गती दिली, आणि तीनच वर्षांनी बेलफास्टच्या डनलॉप नावाच्या पशुवैद्याने आपल्या मुलाच्या तीनचाकीला हवा भरलेली रबरी धाव बसवून पाहिली, तेव्हापासून रस्त्याचा हादरा हाडांपर्यंत पोहोचेनासा झाला. ज्याला घोडा पाळणे जन्मात शक्य नव्हते असा कारकून, दुकानातला नोकर, शाळामास्तर, आठवड्याच्या सुटीत पन्नास-साठ मैलांचा मुलूख स्वतःच्या पायांच्या बळावर पाहून येऊ लागला. पण पन्नास मैल गेल्यावर दिवस मावळतो, आणि मावळल्यावर दार ठोठवावे लागते.

तिकडच्या सायकलस्वारांनी हा प्रश्न प्रथम संघटनेने सोडवावयाचे ठरविले. १८७८ साली हॅरोगेट येथे त्यांनी प्रवासी सायकलस्वारांची एक मंडळी स्थापन केली, जी पुढे सायकलिस्ट्स टूरिंग क्लब या नावाने प्रसिद्धीस आली. या मंडळीने गावोगावच्या खानावळवाल्यांशी करार करून सभासदांसाठी खोलीचे आणि जेवणाचे दर बांधून घेतले. ज्या खानावळीशी करार झाला तिच्या भिंतीवर पंख लावलेल्या चाकाची पाटी लावण्याचा शिरस्ता पाडला. मोठ्या गावांत आपला एकेक वकील नेमला, आणि जिथे उतार भयंकर आहे तिथे आपल्या खर्चाने इशाऱ्याच्या पाट्या उभ्या केल्या. सभासदांसाठी एक ठराविक पोशाखही होता, म्हणजे दारात उभा राहिलेला धुळीने माखलेला इसम भिकारी नसून सद्गृहस्थ आहे हे खानावळवालीस दुरूनच कळावे. १८९९ साली या मंडळीचे सभासद ६०,४४९ झाले होते. साठ हजार माणसांचे बळ पाठीशी असल्यावर कोणते दार बंद राहील, असे कोणासही वाटले असते.

तरी दार बंद राहिले. १८९८ च्या ऑक्टोबर महिन्यात सरे परगण्यातील ऑकम गावी लेडी हार्बर्टन नावाची प्रतिष्ठित बाई सायकलीवरून आली आणि एका खानावळीत भोजनासाठी थांबली. सायकल चालविताना लांब झगा चाकात अडकतो म्हणून तिने सैलसर विजार घातली होती. खानावळीच्या मालकिणीने तिला त्या पोशाखात भोजनाच्या दालनात घेण्याचे साफ नाकारले, आणि जिथे मजूर पुरुष पीत बसतात त्या खोलीत बसण्यास सांगितले. सायकलस्वारांच्या मंडळीने बाईच्या वतीने फिर्याद लावली; खटला पुढील वर्षी चालला; आणि मालकीण निर्दोष सुटली, कारण बाईला जागा मुळीच दिली नाही असे नाही, दुसरी देऊ केली होती, असा न्याय झाला. ‘जागा आहे, पण ही नव्हे’ हे उत्तर आपल्याकडच्या वाचकास काही नवे वाटणार नाही. त्याकडे मी पुढे येणारच आहे.

याच सुमारास लंडनमध्ये टॉमस हायरम होल्डिंग नावाचा एक शिंपी होता. कापडाच्या बेतण्यावर तो ग्रंथ लिही, त्या धंद्याचे मासिक चालवी, आणि या गृहस्थाच्या आयुष्याकडे पाहिले म्हणजे बालपणीची एखादी रात्र माणसाच्या पुढच्या साठ वर्षांवर कशी छाया धरते याचे मला मोठे नवल वाटते. १८५३ साली, नऊ वर्षांचा असताना, तो आपल्या आईबापांबरोबर मॉर्मन पंथीयांच्या एका जथ्यातून अमेरिकेस गेला होता. मिसिसिपी नदीच्या काठी त्या जथ्याचा तळ कित्येक आठवडे पडून होता, आणि मग छप्पर घातलेल्या बैलगाड्यांतून, रोज नवा तळ देत, ती माणसे अफाट माळरान ओलांडून गेली. ते कुटुंब पुढे मायदेशी परतले, मुलगा शिंपी झाला, परंतु उघड्या आकाशाखालची ती निज त्याच्या अंगातून गेली नाही. प्रथम त्याने लहान होडीत सामान भरून स्कॉटलंडच्या पाण्यांतून प्रवास केले. आणि मग त्याच्या मनात आले की जे होडीत मावते ते सायकलीवर का मावू नये.

होडी सामानाचा भार आपण वाहते, सायकलीवरचा भार मात्र स्वारालाच चढणीवर ओढावा लागतो, आणि इथे त्याचा धंदा त्याच्या उपयोगी पडला. कोणत्या कापडाचे वजन किती, कोणती शिवण ताण सहन करते, पाणी कुठून झिरपते, हे ज्याच्या बोटांना ठाऊक होते त्या माणसाने सैन्याच्या जाडजूड कॅनव्हासचा तंबू बाजूस सारून रेशमाचा तंबू शिवला. त्याच्या काठ्या बांबूच्या, मासे धरण्याच्या गळाच्या काठीसारख्या एकात एक सरकून बसणाऱ्या केल्या. भांडी एकमेकांच्या पोटात बसतील अशी निवडली. १८९७ साली आपला मुलगा आणि दोन स्नेही यांना घेऊन तो आयर्लंडच्या पश्चिमेकडील कॉनेमारा या डोंगराळ, दरिद्री आणि अत्यंत सुंदर प्रदेशात सायकलीवरून हिंडला, आणि पुढील वर्षी त्याने त्या प्रवासाचे पुस्तक प्रसिद्ध केले. ज्यांना असा प्रवास आवडेल त्यांनी मला पत्र लिहावे, असे त्यात वाचकांना त्याचे आवाहन होते. पत्रे आली. १९०१ साली वाँटेज गावच्या एका शेतात मोजकीच माणसे आपापल्या सायकलींसह उतरली आणि सायकलीवरून फिरून तंबूत राहणाऱ्यांचे पहिले मंडळ स्थापन झाले. त्या मंडळाचा पुढे एवढा विस्तार झाला की दक्षिण ध्रुवाहून परतताना ज्याचा अंत झाला तो कॅप्टन स्कॉट आणि त्यानंतर बालवीर चळवळीचा जनक बेडन-पॉवेल यांनी त्याचे अध्यक्षपद भूषविले. १९०८ साली होल्डिंगने या विषयावरचे आपले सविस्तर हस्तपुस्तक लिहिले. तंबूत राहण्याच्या कलेवर आज जे काही लिहिले जाते त्याचे मूळ त्या शिंप्याच्या टेबलावर सापडते.

त्याच्या सामानातली एक वस्तू आपल्या घरांत इतकी मुरली आहे की तिचे परकेपण कोणास आठवत नाही. १८९२ साली स्वीडनमध्ये निघालेला, रॉकेल पंपाने दाबून निळ्या ज्योतीवर जाळणारा प्रायमस स्टोव्ह सायकलस्वाराच्या पिशवीत जाऊन बसला, आणि ओल्या काटक्या फुंकण्याची त्याची यातना संपली. तोच स्टोव्ह पितळेच्या टाकीसह मुंबईच्या चाळीत आला, गिरगाव-परळच्या एकखणी बिऱ्हाडांत चुलीच्या जागी बसला, आणि स्पिरिट ओतून काकडा पेटविणे, पिन मारणे, पंप मारणे, वायसर बदलणे ही क्रियापदे मराठी गृहिणीच्या तोंडी रुळली. ज्या यंत्राने विलायतेत माणसाला घराबाहेर राहण्यास समर्थ केले, त्याच यंत्राने आमच्याकडे दहा बाय दहाच्या खोलीत घर उभे केले.

आता आपल्याकडे येऊ. हिंदुस्थानातून सायकलीवरून पहिल्याने गेलेला प्रसिद्ध प्रवासी म्हणजे टॉमस स्टीव्हन्स. १८८४ साली सॅनफ्रान्सिस्कोहून उंच चाकाच्या सायकलीवरून निघालेला हा मनुष्य १८८६ साली ग्रँड ट्रंक रस्त्याने उत्तर हिंदुस्थान ओलांडून गेला. त्यानंतर फॅनी बुलक वर्कमन आणि तिचा पती या अमेरिकन दांपत्याने या देशातील देवालये पाहत सायकलीवरून चौदा हजार मैल तुडविले व १९०४ साली त्यावर भला मोठा ग्रंथ लिहिला. या परक्या मंडळींना रात्रीची विवंचना नव्हती असे नाही. पण त्यांच्यासाठी सरकारने ठराविक मजलांवर डाक बंगले बांधून ठेवले होते, तिथे खानसामा होता, कोंबडी होती, आणि गोऱ्या कातडीला नाव विचारण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती. डाक बंगला हा साहेबाचा तंबूच होता, फक्त विटांचा.

एतद्देशीय माणसाच्या हाती सायकल आली ती प्रथम प्रवासासाठी नव्हे, नोकरीसाठी. पुणे हे सायकलींचे शहर म्हणून जे नावारूपास आले ते त्याच्या सपाट पेठा, आखूड अंतरे आणि बेताचे पगार या तिन्हींच्या संयोगाने. सकाळी साडेदहाच्या सुमारास लक्ष्मी रस्त्याने आणि संभाजी पुलावरून सायकलींचा जो लोंढा वाही त्यात कचेरीतला हेडक्लार्क, कॉलेजातला प्रोफेसर, दारूगोळ्याच्या कारखान्यातला कामगार आणि शाळकरी मुलगी एकाच गतीने चाललेली असत. एवढी समता त्या शहराच्या दुसऱ्या कोणत्याही व्यवहारात दिसत नसे. सायकलीला नगरपालिकेचा कर होता आणि तो भरल्याची खूण म्हणून धातूचा बिल्ला होता. रात्री दिव्यावाचून जाणे आणि डबलसीट बसविणे हे गुन्हे होते, आणि कोपऱ्यावरचा पोलीस दिसताच मागे बसलेल्या मित्राने टुणकन उतरून सभ्यपणे पायी चालू लागणे हा प्रत्येक विद्यार्थ्याच्या शिक्षणाचा भाग होता. तेलाचा दिवा वाऱ्याने विझे, म्हणून मग चाकाला घासून चालणारा डायनॅमो आला; त्याचा प्रकाश वेग वाढला की वाढे आणि चढ आला की मंदावे.

ज्याला सायकल विकत घेणे परवडत नसे त्याच्यासाठी भाड्याची दुकाने होती. पाटीवर नाव आणि वेळ लिहून तासाच्या हिशोबाने सायकल मिळे, दुकानदार ओळखीचा असेल तर अनामतीवाचून. या दुकानांनी पुण्याच्याच नव्हे, सांगली-मिरज-नगर-सोलापुरापर्यंतच्या कित्येक पिढ्यांना चाकावर उभे केले. सीटवर बसून पाय पोहोचत नाही असे पोर आडव्या नळीखालून पाय घालून हाफ पायडल मारीत मैदानाला फेऱ्या घाली, गुडघे फोडून घेई, आणि तास भरण्यापूर्वी सायकल परत करण्यासाठी जिवाच्या आकांताने हाणीत येई. तिथेच एका बाजूस पाण्याने भरलेल्या घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडा कुठून येतो ते पाहणारा, आरे आवळून चाकाचा आउट काढणारा कारागीर बसलेला असे. त्या माणसांच्या हातांतले कसब कोणी लिहून ठेवले नाही याची मला मनापासून हळहळ वाटते. सायकल बराच काळ परदेशीच येई. १९३९ साली वरळीला हिंद सायकलचा कारखाना निघाला, स्वातंत्र्यानंतर आसनसोल, मद्रास, सोनपत, लुधियाना येथले कारखाने उभे राहिले, आणि मग ती काळी, बावीस इंची, वीस किलोच्या आसपास भरणारी सायकल खेड्यातल्या ग्रामसेवकापर्यंत, दुधाचे कॅन लटकविलेल्या गवळ्यापर्यंत, आणि गोव्यात भोंपू वाजवीत पहाटे पाव घालणाऱ्या पोदेरापर्यंत जाऊन पोहोचली.

रविवारी हीच सायकल सिंहगडच्या पायथ्याशी दिसे. आठवडाभर कचेरीला नेणारे वाहन एक दिवस खडकवासल्याच्या पाण्याकडेने आपल्याला डोंगरापर्यंत नेते, तिला खाली कोणाच्या तरी अंगणात टेकवून गड चढावा, वर पिठले-भाकरी आणि मडक्यातले दही खाऊन उतरावे, एवढे झाले की आणखी लांब जाण्याची इच्छा होणारच. दिवाळीच्या किंवा नाताळाच्या सुटीत दोन-चार मित्र मिळून निघत: कोणी बोरघाट उतरून मुंबईला, कोणी पंढरपूर-विजापूरला, कोणी वाई-महाबळेश्वराला. सामान म्हणजे वळकटी, दशम्या, चटणीची पुडी, पंप, पान्हा, ठिगळाचे रबर आणि सोल्यूशनची नळी. घाटात उतरून सायकल हाताने ढकलीत न्यायची आणि पलीकडे ब्रेकच्या रबरांवर विश्वास टाकून सुटायचे.

आणि तंबू नसे, कारण त्याची गरजच वाटत नसे. गावोगाव देऊळ होते आणि देवळाला ओवरी होती. अहिल्याबाई होळकरांसारख्यांनी बांधलेल्या धर्मशाळा होत्या, सावकारांनी आईबापांच्या नावे बांधलेल्या होत्या, शाळेची पडवी होती, चावडी होती, काहीच नसेल तर पाराचा दगडी कट्टा होता. संध्याकाळी पाराशी सायकल टेकली की भोवती माणसे जमत आणि प्रश्न येत, ते जवळजवळ सर्वत्र एकाच क्रमाने: कुठलं गाव? कुठं निघालात? आणि मग, सहज बोलावे अशा स्वरात, आडनाव काय म्हणायचं? पहिल्या दोन प्रश्नांत कुतूहल असे. तिसऱ्या प्रश्नात ओवरीचे कुलूप असे. ज्यांना त्या कुलपाची किल्ली जन्मानेच मिळालेली होती त्यांच्या प्रवासवर्णनांत खेड्यातल्या आदरातिथ्याची जी रसाळ वर्णने येतात ती खोटी नाहीत. मीही ते अन्न खाल्ले आहे आणि त्या माणसांचा मी ऋणी आहे. पण ओवरीच्या पायरीशीच जो थांबविला जात होता त्याने प्रवासवर्णन लिहिले नाही, बहुधा तो त्या प्रवासाला निघालाच नाही, आणि आमचा सायकलीचा इतिहास अर्धाच लिहिला गेला.

परदेशी विद्या संपादून आलेल्या डॉ. आंबेडकरांना १९१७ साली बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू होताना शहरात राहण्यास जागा मिळाली नाही. एका पारशी पथिकाश्रमात पारशी म्हणून नाव लावून त्यांना राहावे लागले, आणि अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. पुढे ऑगस्ट १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात ठराव मंजूर करवून घेतला की सार्वजनिक पैशाने बांधलेले किंवा चालविलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्य मानलेल्या वर्गांस मोकळे असावेत. या ठरावाची आठवण महाडच्या तळ्यामुळे राहिली आणि ती योग्यच आहे. परंतु त्यात ‘धर्मशाळा’ हा शब्दही होता हे प्रवासाचा इतिहास लिहिणाराने विसरू नये. ठराव कागदावर आला म्हणून दारे उघडली नाहीत.

त्या ठरावाला अडीच महिने झाले नाहीत तोच, १५ ऑक्टोबर १९२३ रोजी, त्याच मुंबई शहरातून सहा पारशी तरुण सायकलींवर बसून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. वजने उचलण्याच्या एका व्यायामशाळेतले हे गडी. वाटेत तिघे गळाले. अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भूमगरा हे तिघे बलुचिस्तान, इराण, इराकचे वाळवंट, आल्प्स पर्वत, इंग्लंड, अमेरिका, जपान, कोरिया, चीन, सयाम, ब्रह्मदेश असे करीत सुमारे ७१,००० किलोमीटर कापून १८ मार्च १९२८ रोजी मुंबईस परत आले. त्यांच्या १९३१ साली निघालेल्या पुस्तकास जवाहरलाल नेहरूंनी प्रस्तावना लिहिली. ते निघाल्यापासून वर्षभराच्या अंतराने फ्रामरोझ दावर हा आणखी एक मुंबईकर पारशी निघाला आणि सात वर्षे फिरत राहिला. या पराक्रमाविषयी मला निरतिशय आदर आहे, आणि तरीही त्या दोन तारखा शेजारी शेजारी ठेवल्या की मन थोडे थबकते: ज्या प्रांतातले तरुण बगदादपासून सेऊलपर्यंत परक्यांच्या दारात निजून आले, त्याच प्रांतात आपल्याच तालुक्याच्या धर्मशाळेत पाठ टेकण्यासाठी कायदेमंडळाचा ठराव लागत होता.

हे दार आतून उघडण्याचा प्रयत्न ज्यांनी केला त्यांत गाडगे महाराजांचे नाव मला सर्वांत जवळचे वाटते. स्वतः झोळी-फुटके गाडगे घेऊन उघड्यावर निजणाऱ्या या पुरुषाने पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू, मुंबई येथे लोकांच्या वर्गणीतून धर्मशाळा बांधल्या, पण त्यांपैकी एकीतही आपल्यासाठी कोपरा राखला नाही. पंढरपूरची धर्मशाळा त्यांनी चोखामेळ्याच्या नावाने बांधली, ज्याला त्या देवाच्या दारात उभे राहण्यापलीकडे हक्क नव्हता; आणि १९४९ साली ती डॉ. आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेस देऊन टाकली. नाशिकहून पंढरपूरला आता सायकलींची वारी जाते असे वाचतो, तेव्हा मला ती वास्तू आठवते.

पुढचा भाग थोडक्यात सांगता येण्यासारखा आहे. आकुर्डीच्या कारखान्यातून स्कूटर बाहेर पडू लागल्या, १९७२ साली चेतक आली, हुंड्यात आणि हप्त्यात ती घरोघर गेली, आणि संभाजी पुलावरचा लोंढा हळूहळू धुराचा झाला. भाड्याची दुकाने मिटली. अलीकडे पुन्हा गिअरच्या, हलक्या धातूच्या सायकली घेऊन दूरच्या प्रवासाला जाणारी तरुण मुले-मुली दिसतात, आणि त्यांच्या कॅरिअरला होल्डिंगच्या कल्पनेतला तो मुठीएवढा गुंडाळलेला तंबूही असतो. त्यांना पाहिले की मला स्वतःचा एक प्रवास आठवतो.

१९६४ च्या डिसेंबरात वसतिगृहातला माझा एक मित्र आणि मी पुण्याहून कोल्हापूरला निघालो. माझी सायकल वडिलांची, त्याची दिवसाच्या भाड्याने आणलेली. कात्रजचा बोगदा, मग खंबाटकीचा घाट, आणि घाटापलीकडे एका गावात दिवस मावळला. पाराशी सायकली टेकल्या, माणसे जमली, प्रश्न सुरू झाले. तिसऱ्या प्रश्नाला माझा मित्र वाकून चेन पाहू लागला. मी माझे आडनाव सांगितले, आणि तो कोण, असे म्हाताऱ्याने विचारताच, त्याला उत्तर द्यायला लागू नये अशा घाईने, ‘माझा मावसभाऊ’ असे म्हणालो. ‘मग या की पावणं, वर या,’ असे म्हणत त्याने कंदील उचलला. ओवरीत सतरंजी मिळाली, भाकरी आणि वांग्याची भाजी मिळाली, रात्री थंडी वाढल्यावर कोणी तरी दोन घोंगडीही आणून टाकली. आपण मित्राला एका अवघड प्रसंगातून सोडविले अशा समाधानात मी निजलो. पहाटे उठलो तेव्हा तो भिंतीला टेकून बसलेला होता. घोंगडे घडी घालून बाजूस ठेवलेले होते, उलगडलेच नव्हते.

दिवसभर तो फारसे बोलला नाही. साताऱ्याच्या पुढे माझ्या मागच्या चाकाला काटा लागला, तो त्यानेच काढला, ठिगळही त्यानेच लावले. कऱ्हाडला पोहोचलो तेव्हा कृष्णा-कोयनेच्या संगमावर दिवेलागण झाली होती आणि घाटावरच्या देवळात आरतीची घंटा चालू होती. मी सवयीने तिकडे वळलो. ‘तू जा,’ तो म्हणाला, ‘मी आज कुणाचा मावसभाऊ नाही.’ आणि सायकल हातात धरून तो वाळवंटात उतरला.

मी थोडा वेळ वर उभा होतो. मग मीही उतरलो. वाळूत चाके रुतत होती. आम्ही दोन्ही सायकली समोरासमोर स्टँडवर उभ्या केल्या, त्याच्या वळकटीतली सोलापुरी चादर दोन्ही हँडलांवरून ताणली, मागची टोके कॅरिअरच्या स्प्रिंगांत अडकविली, वारा येत होता त्या बाजूला माझे धोतर लावले आणि वाळू भरलेल्या पिशव्यांनी ते दाबले. आत दोघांपुरती जागा झाली. दंवाने चादर भिजून जड झाली आणि मध्यरात्री तिच्यातून एकेक थेंब गळू लागला, तेव्हा त्याने मला हलवून विचारले, ‘अरे, जागा आहेस का? पाय इकडे घे, तिकडे गळतंय.’